जुने कडे पाण्यात तोलू या

वरळी कोळीवाड्यातील एका घरी जुने चांदीचे कडे विकायला आले आहे, अशी कल्पना करा. पाच तोळ्यांचे, भरीव. आजीला ते घ्यावेसे वाटते. पण ते काळे पडलेले पाहून आई कचरते.

काळेपणाला भिऊ नका. ओहोटीला चिखलातून सडक्या अंड्यासारखा वास येतो ना? तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. त्यातील गंधकामुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. मात्र तांब्याचे मिश्रधातूही काळवंडतात, तेव्हा रंगावरून निकाल लागत नाही. शिक्का पाहावा, तर भारतात चांदीचे हॉलमार्किंग २००५ साली सुरू झाले; आजीच्या काळच्या कड्यावर तो सहसा नसतो.

मग आर्किमिडीजला बोलावू. ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा घ्या. (स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे कुचकामी!) कडे तोला: पाच तोळे म्हणजे ५८.३ ग्रॅम. आता काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. कडे दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला टेकू देऊ नका, बुडबुडे झटकून टाका. कड्याचे बाकीचे वजन दोरा पेलतो. काट्यावर भार पडतो तो फक्त कड्याने बाजूला सारलेल्या पाण्याइतका.

काटा ५.६ ग्रॅम दाखवतो, म्हणजे कड्याचे आकारमान ५.६ घन सेंटिमीटर. ५८.३ ला ५.६ ने भागा: घनता सुमारे १०.४. हजारात ९२५ भाग चांदी असलेल्या स्टर्लिंगची घनता इतकीच असते. तांबे, निकेल व जस्त यांच्या ‘जर्मन सिल्व्हर’चे कडे असते, तर काट्याने ६.८ च्या आसपास दाखवले असते. त्यात चांदीचा कणही नसतो, नाव मात्र चांदीचे!

पण घाई नको. शुद्ध चांदीचे कडेही या काट्यावर ५.६ च दाखवील. शिसे मिसळून लबाड कारागीर घनता जुळवूही शकतो. उलट आत लाख भरलेला अस्सल दागिना हलका ठरून नापास होतो. म्हणून भरीव दागिन्याला ही चाचणी ‘नाही’ खात्रीने सांगते, ‘होय’ नव्हे. पैसे मोजण्यापूर्वी सराफाकडून कस लावून घ्यावाच.

कड्यात लाल खडा असेल तर? माणकाची घनता ४, साध्या काचेची सुमारे २.५. पण खडा कोंदणातून सुटा करावा लागेल आणि त्याला अधिक नाजूक काटा लागेल. शिवाय विसाव्या शतकाच्या आरंभापासून ज्योतीत वितळवून बनवलेली माणकेही बाजारात आहेत. तीही ॲल्युमिनियम ऑक्साइडचीच, घनताही तीच. तिथे भिंग लावून पाहावे लागते: अशा खड्यात बारीक बुडबुडे किंवा वक्र रेषा दिसू शकतात.