गाजर गवतावरचा पट्टेरी भुंगेरा मारू नका



पावसाळ्यात गट ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो : "बांधावर पट्ट्यापट्ट्यांचे किडे फार झालेत, उसात शिरतील काय? औषध मारू का?" काही जण तर विचारण्याआधीच पंप पाठीला लावतात. म्हणून या किड्याची माहिती देत आहोत.

गाजर गवत, म्हणजे आपले काँग्रेस गवत, मूळचे इकडचे नव्हे. हे अमेरिका खंडातले तण. पुण्यात १९५५ च्या सुमारास ते प्रथम नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. याने अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास वाढतो, जनावराने खाल्ले तर दूध कडवट लागते. एकेक झाड हजारो बी टाकते. इकडच्या किडी त्याला फारशा शिवत नाहीत, त्यामुळे त्याला रान मोकळे मिळाले.

म्हणून शास्त्रज्ञांनी त्याचा वैरी मेक्सिकोतून आणला आणि १९८४ साली बंगलोर भागात प्रथम सोडला. तोच हा भुंगेरा. शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकलरॅटा. आकार ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, पाठ पांढरट-पिवळसर, तिच्यावर तपकिरी उभे पट्टे. मादी पानाच्या खालच्या बाजूस अंडी घालते. चार ते सहा दिवसांत अळी निघते, दहा-पंधरा दिवस पाने खाते, मग जमिनीत शिरून कोष करते. महिन्याभरात नवी पिढी तयार. अळी आणि भुंगेरा दोन्ही पाने व कोवळे शेंडे खातात. कोवळेपणी खाल्लेल्या झाडाला फुले कमी येतात, म्हणजे बीही कमी.

उसाला याचा धोका नाही. सूर्यफुलाबद्दल मात्र १९९० नंतर कर्नाटकात ओरड झाली होती, कारण काही ठिकाणी भुंगेरे त्या पानांवर दिसले. तपासात असे आढळले, की गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडल्याने भुंगेरे तिकडे ओढले गेले. सूर्यफुलावर त्यांची वाढ होत नाही.

आता खरी अडचण सांगतो. हिवाळा लागला की बहुतेक भुंगेरे जमिनीत जाऊन झोपतात, ते जूनच्या पावसालाच वर येतात. आपल्या बागायती भागात मात्र पाटाच्या ओलीवर हे गवत बारमाही हिरवे असते. म्हणजे पावसाळ्याचे काम भुंगेऱ्याचे, बाकीचे आपले. तेव्हा,

१) भुंगेरे असलेल्या बांधावर कीटकनाशक मारू नये, गवत पेटवू नये.

२) भुंगेरे भरपूर असतील तेथून जुलै-ऑगस्टमध्ये भोके पाडलेल्या डब्यात गोळा करून, ते नसतील त्या बांधावर सोडावेत.

३) उसातले, सरीतले गवत फुलण्यापूर्वीच मुळासकट उपटावे. हातमोजे घालावेत.

४) पावसाच्या तोंडावर पडीक जागेत टाकळ्याचे बी फेकावे. टाकळा दाट आला की गाजर गवत दबते.

एकट्याने बांध साफ करून भागत नाही, शेजारच्या बांधावरचे बी आपल्या सरीत येतेच. तेव्हा पाटावरच्या सर्वांनी मिळून हे काम करावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी