प्रवेगक प्रणाली, इलेक्ट्रॉनीय

मोटारगाडीच्या पेट्रोल एंजिनात जाणाऱ्या हवेचे प्रमाण चालकाच्या पायाच्या दाबानुसार, परंतु यांत्रिक तारेऐवजी विद्युत् संकेतांनी नियंत्रित करणारी प्रणाली. बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीने १९८०–९० या दशकात ती आपल्या बारा सिलिंडरांच्या मोटारगाडीत वापरली. पुढे प्रदूषणविषयक मानके कडक होत गेली, तसा तिचा प्रसार वाढला.

रचना व कार्य : प्रवेगक पट्टीला दोन स्वतंत्र संवेदक जोडलेले असतात. त्यांचे संकेत ताडून पाहून नियंत्रक विद्युत् चलित्राकरवी थ्रॉटल झडप उघडतो. दोन्ही संकेतांत मेळ नसल्यास तो एंजिनाची शक्ती मर्यादित करतो. धूर कमी व्हावा आणि गाडीला हिसके बसू नयेत म्हणून झडप पुष्कळदा मुद्दामच सावकाश उघडली जाते. यामुळे पट्टी दाबल्यावर गाडी उशिरा वेग घेते, असे चालकास जाणवते.

प्रतिसाद सुधारणे : प्रथम हवेची गाळणी बदलावी व झडपेच्या कडेवर साचलेली काजळी काढावी. त्यानंतर अनेक गाड्यांत नियंत्रकाकडून झडपेच्या बंद स्थितीची पुन्हा नोंद करून घ्यावी लागते. बाजारात मिळणारे जोड-उपकरण संवेदक व नियंत्रक यांच्यामध्ये बसते आणि संकेत वाढवून पुढे पाठविते. उदा., पट्टी २० टक्के दाबली असता ती ४० टक्के दाबल्याचे नियंत्रकास भासते. पट्टी पूर्ण दाबल्यावर मात्र झडप दोन्ही परिस्थितींत पूर्णच उघडते; म्हणून एंजिनाची कमाल शक्ती मुळीच वाढत नाही.

हा भेद रस्त्यावर महत्त्वाचा ठरतो. मुंबई–नाशिक महामार्गावर भिवंडीजवळ गोदामांकडे जाणाऱ्या मालमोटारींच्या गर्दीत गाडी हातभर अंतर राखून पुढे सरकवावी लागते. तेथे संकेत वाढविलेला असल्यास पायाच्या किंचित दाबानेही गाडी उसळून पुढील वाहनावर वा पादचाऱ्यावर आदळू शकते. त्याच मार्गावरील कसारा घाटाच्या चढणीवर गरज असते ती जादा ओढीची; ती उपकरणाने नव्हे, तर खालचा गिअर टाकल्याने मिळते. सारांश, अशा उपकरणाने बदलतो तो पट्टी व झडप यांतील संबंध, एंजिनाचे सामर्थ्य नव्हे.