विमानातली हवा : स्वच्छ, पण विरळ आणि कोरडी

सातारा, सोलापूरकडून आलेल्या एस.टी. गाड्यांतून स्वारगेटला उतरून पुढे लोहगावच्या किंवा मुंबईच्या विमानतळाकडे जाणाऱ्यांत आता साठी-सत्तरीची जोडपी हमखास दिसतात. मुलगा किंवा मुलगी परदेशात असते, नातवंडाच्या ओढीने आयुष्यातला पहिला विमानप्रवास घडतो. पासपोर्ट, व्हिसा, लोणची-पापड यांची तयारी महिनाभर चालते. प्रकृतीची तयारी मात्र राहून जाते. 'डॉक्टर नको म्हणतील' या भीतीने दम्याचा किंवा हृदयाचा त्रास लपवलाही जातो. विमानातल्या हवेची थोडी माहिती असेल, तर ही लपवाछपवी किती महागात पडू शकते, हे लक्षात येईल.

बंद खिडक्या, पण कोंदट हवा नाही

दोन-तीनशे माणसे, खिडकी उघडायची सोय नाही, मग हवा दूषित होत नसेल का, अशी शंका अनेकांना येते. ती बऱ्याच अंशी निराधार आहे. बहुतेक विमानांत इंजिनाने दाबलेली बाहेरची हवा थंड करून केबिनमध्ये सोडतात. तिच्यात साधारण निम्मी हवा केबिनमधलीच, पण गाळून घेतलेली असते. 'हेपा' नावाच्या या गाळण्या अतिसूक्ष्म कणांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक कण अडवतात. केबिनमधली हवा तासाला २० ते ३० वेळा बदलते. दारे-खिडक्या लावलेल्या आपल्या घरात एवढी हवा कधीच खेळत नाही.

शेजाऱ्याच्या खोकल्यापुढे मात्र गाळणीचा उपयोग मर्यादित आहे. १५ मार्च २००३ रोजी हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या विमानात एक सार्सचा रुग्ण होता. त्या प्रवासानंतर २२ जणांना तो आजार झाला. म्हणून शेजारी कोणी खोकत असेल, तर मास्क लावण्यात संकोच नको.

खुर्चीत बसून कळसूबाईहून उंच

खरा प्रश्न हवेच्या दाबाचा आहे. विमान ३५,००० फुटांवर उडते. तेथील विरळ हवेत माणूस काही क्षणांतच बेशुद्ध होईल. म्हणून केबिनमध्ये दाब वाढवून ठेवतात. पण तो जमिनीइतका नसतो. सर्वसाधारणपणे तो ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. महाबळेश्वर सुमारे ४,५०० फुटांवर आहे, आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई ५,४०० फुटांवर. म्हणजे विमानात आपण त्याहूनही उंच ठिकाणी तासन् तास बसलेले असतो.

हा दाब किती महत्त्वाचा आहे, हे २० सप्टेंबर २०१८ रोजी दिसले. मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात केबिनचा दाब राखणारे बटण सुरू करायचे राहून गेले. १६६ प्रवाशांपैकी सुमारे ३० जणांच्या नाका-कानांतून रक्त आले, काहींचे डोके दुखू लागले. विमान मुंबईला परतले. असे प्रसंग अगदी विरळा. पण नेहमीच्या, बिनचूक प्रवासातही शरीराला ऑक्सिजन थोडा कमीच मिळतो. निरोगी माणसाच्या रक्तातले त्याचे प्रमाण ९७-९८ टक्क्यांवरून ९०-९३ पर्यंत उतरते आणि त्याला ते जाणवतही नाही. मात्र ज्याचे प्रमाण घरीच ९२ आहे, त्याचे काय होईल, याचा विचार करावा.

कोणी आधी विचारावे?

दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार, हृदयाची कमजोरी, नुकताच येऊन गेलेला झटका, पोटाचे, छातीचे किंवा डोळ्याच्या पडद्याचे अलीकडचे ऑपरेशन, तीव्र रक्तक्षय, यांपैकी काहीही असल्यास तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. उंचीवर शरीरात अडकलेली हवा फुगते. त्यामुळे फुप्फुसाबाहेर हवा साठलेल्या रुग्णाने ती पूर्ण निघेपर्यंत विमानात बसूच नये.

घरच्या घरी एक साधा अंदाज घेता येतो. सामान न घेता सपाट जागेवर ५० मीटर चालून, मग एक मजला जिना चढून पाहावे. स्वारगेटला एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जातानाच दम लागत असेल, तर तपासणी झालीच पाहिजे. विचारले म्हणजे प्रवास रद्दच होतो, असे नाही. अनेकांना औषधे बदलून, व्हीलचेअर घेऊन किंवा विमान कंपनीला आधी कळवून ऑक्सिजनची सोय करून जाता येते. ऐन वेळी मात्र यांपैकी काही जमत नाही.

कान, पाणी आणि पाय

केबिनमधली आर्द्रता १० ते २० टक्केच असते. त्यामुळे ओठ, नाक, डोळे कोरडे पडतात. थोडे थोडे पाणी पीत राहावे, मद्य टाळावे. शौचालयाला उठावे लागेल म्हणून पाणीच न पिणारे ज्येष्ठ पुष्कळ आहेत. त्यांनी कडेची जागा मागून घ्यावी. विमान उतरताना कान दुखतात, तेव्हा गोळी चघळावी, आवंढा गिळावा. तान्ह्या बाळाला अंगावर पाजावे. नाक चोंदले असेल, तर आधीच औषध घ्यावे.

चार तासांहून अधिक एका जागी बसल्यास पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. अधूनमधून घोटे फिरवावेत, तासाभराने उठून चालावे. प्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

रोजची औषधे, इन्हेलर, इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळच्या पिशवीत ठेवावी, मोठ्या बॅगेत नव्हे. मुलांनीही आईवडिलांचे तिकीट काढण्याआधी त्यांना एकदा स्वच्छ विचारावे, "आई, जिना चढताना दम लागतो का?" विमानात बसल्यावर हे विचारून उपयोग नसतो.