रोटी उरली की विचारा

2022 साली महाराष्ट्रात 22,746 जणांनी आत्महत्या केली. देशात हा आकडा सर्वांत मोठा. देशभरात अशा मरणांतला एक चतुर्थांशाहून जास्त हिस्सा रोजंदारीवरच्या माणसांचा. हे वाचल्यावर यंत्रमागांची भिवंडी मनातून जाईना. तिथल्या एका आशाताईंबरोबर गल्लीबोळांत फिरले.

ताईंच्या पिशवीत तिशीपुढच्यांसाठीचा सरकारी तपासणी अर्ज. तंबाखू, कमरेचा घेर वगैरे झालं की शेवटी मनाचे दोन प्रश्न येतात: गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटेना असं झालं का? उदास, हताश वाटलं का? गुण तीनच्या वर गेले तर आरोग्य केंद्रात पाठवायचं. प्रश्न योग्यच आहेत, पण मागांच्या खडखडाटात ते ऐकणार कोण? बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. बोलायला थांबलं की कापड कमी निघतं. आणि विशी-पंचविशीतल्या पोरांसाठी तर हा अर्जच नाही.

म्हणून ताई बिशीत जातात. बिशी म्हणजे घरापासून लांब आलेल्या कामगारांची खानावळ. ती चालवणाऱ्या चाची अजून डोळ्यांपुढे आहेत. रोटी उलटता उलटता म्हणाल्या, "पाच खाणारा दोनवर आला की मी विचारतेच. घरी फोन झाला का, पैशांचं काय झालं?" ताई मग त्या पोराशेजारी जाऊन बसतात. अर्ज पिशवीतच राहतो.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी विदर्भातल्या 'विश्राम' प्रकल्पाचं सांगितलं. अमरावतीकडच्या 30 गावांत नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे शंभरात चार होते. गावातल्याच लोकांना शिकवून कामाला लावलं. दीड वर्षानंतरच्या पाहणीत ते सत्तावीस झाले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण 5.2 टक्क्यांवरून 2.5 वर आलं होतं. बिशीतल्या पंगतीकडे बघताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. शंभरात चार.

आत्महत्येबद्दल विचारल्याने नको ते डोक्यात भरेल, ही भीती खोटी आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो. पोलीस केसच्या धाकानेही घरचे गप्प बसतात. वास्तविक 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आहे, आणि त्याची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक आहे.

माझं मत स्पष्ट आहे: चाचींसारख्यांना या कामाचं प्रशिक्षण द्या, मानधनही द्या. तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक प्रत्येक बिशीच्या, कारखान्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहा. तो मोफत आहे, रात्रपाळीतही चालू असतो. तुम्हालाच जड जात असेल तर आजच लावा.