सह्याद्रीच्या पायऱ्या

लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना समोरच्या कड्यांकडे नीट पाहा. कातळ पायरीवर पायरी रचल्यासारखा दिसतो. लाव्हाचे लोट एकावर एक थिजत गेले, त्याच या पायऱ्या. या थरांच्या ‘दख्खन ट्रॅप’ या नावातला ‘ट्रॅप’ही ‘जिना’ या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आला.

हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, बहुतांशी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून वर आला. पण तेव्हा ही भूमी इथे नव्हतीच! ती विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाच्या परिसरात होती. मुंबईपासून ते बेट चार हजारांहून अधिक किलोमीटर दूर आहे.

मग ती भूमी इथे आली कशी? पृथ्वीचे कवच आणि त्याखालचा ताठ खडक मिळून भूपट्ट बनतात. खाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण असते. ते म्हणजे उकळता रस, हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. प्रावरण घनच असते. मात्र प्रचंड उष्णतेमुळे लाखो वर्षांच्या हिशेबात ते वाहते, आणि त्यावरून भूपट्ट सरकतात.

आपला भूपट्ट उत्तरेकडे निघाला, खालचा तप्त स्रोत जवळपास जागीच राहिला. सरकत्या भूपट्टावर त्याने ज्वालामुखींची माळ उमटवली. लक्षद्वीप आणि मालदीवची प्रवाळबेटे त्याच बुडालेल्या माळेवर उभी आहेत. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी तर आजही जागा आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते, सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या स्रोतातून आला, तोच त्यालाही लाव्हा पुरवतो.