नवी स्पोर्ट टूरर घेतली, पण पहिल्या राईडच्या 'फील'वर विश्वास का ठेवू नये?

शोरूमबाहेर गाडीला हार घातला जातो, नारळ फुटतो, फोटो निघतो, स्टेटस लागतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली राईड. आणि संध्याकाळी मित्रांच्या ग्रुपवर दोनपैकी एक मेसेज पडतो.

एक तर, "गाडी लई जड आहे राव, पैसे वाया गेले बहुतेक." नाहीतर, "काय स्मूथ गाडी आहे! शंभरच्या वर कधी गेली कळलंच नाही."

पहिला मेसेज खिशाची काळजी वाढवतो, दुसरा जिवाची. आणि गंमत म्हणजे दोन्ही मेसेज अर्धवट असतात. कारण पहिल्या राईडला गाडीही पूर्ण तयार नसते आणि चालवणाराही.

असं का होतं, ते एकेक करून बघू.

मुळात स्पोर्ट टूरर म्हणजे काय?

स्पोर्ट्स बाईकचं इंजिन आणि ब्रेक, पण त्यावर दिवसभर बसता येईल अशी बैठक, समोर वारा अडवणारी काच आणि मागे सामानाची सोय. हे सगळं एकत्र आलं की झाली स्पोर्ट टूरर. बीएमडब्ल्यूने 1976 मध्ये आणलेली आर100आरएस ही या प्रकारातली सुरुवातीची गाडी मानली जाते. तिचं पुढचं कवच विंड टनेलमध्ये तपासून बनवलं होतं.

आपल्याकडे या प्रकारात ओळखीचं नाव म्हणजे कावासाकी निन्जा 1000एसएक्स. इंजिन 1043 सीसी, ताकद 142 पीएस, टाकी 19 लिटरची आणि वजन 235 किलोच्या आसपास. तुलनाच करायची तर स्प्लेंडरचं वजन 112 किलो आणि ताकद साधारण 8 पीएस. म्हणजे वजन दुप्पट, पण ताकद सतरा पटींच्या वर. पहिल्या राईडचा सगळा गोंधळ या दोन आकड्यांत आहे.

गेटवर जड, हायवेवर हलकी

पार्किंगमधून गाडी बाहेर काढताना, सिग्नलला पाय टेकताना, यू-टर्न घेताना हे वजन थेट पायावर आणि मनगटावर येतं. बहुतेक नव्या मोठ्या गाड्या भरधाव वेगात पडत नाहीत, जागेवर उभ्या असताना किंवा वळवताना आडव्या होतात. वळताना पुढचा ब्रेक दाबला गेला की संपलं.

वेग 30-40 च्या पुढे गेला की चित्र पालटतं. फिरणारी चाकं आणि पुढच्या चाकाची भूमिती गाडीला स्वतःहून सरळ ठेवतात. तेव्हा वळायला उजवीकडचं हँडल हलकेच पुढे ढकललं की गाडी उजवीकडे झुकते. याला काउंटरस्टिअरिंग म्हणतात. लहान गाडीवर हे नकळत होऊन जातं. मोठ्या गाडीवर ते जाणूनबुजून करावं लागतं, नाहीतर "गाडी वळतच नाही" असं वाटत राहतं.

कोरे टायर म्हणजे निसरडे टायर

सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच. साच्यातून निघालेल्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो. तो रस्त्यावर घासला गेल्याशिवाय पकड येत नाही. कावासाकीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की नवे टायर घसरू शकतात आणि त्यांना साधारण 160 किलोमीटर द्यावे लागतात.

पण इथे एक मेख आहे. टायरचा जेवढा भाग रस्त्याला लागतो तेवढाच घासला जातो. समजा, पुण्याहून निघून सातारा हायवेने वाई गाठली. रस्ता बराचसा सरळ, त्यामुळे टायरचा मधला पट्टा तयार झाला. पुढे लागतो पसरणीचा घाट. तिथे गाडी झुकते ती टायरच्या कडेवर, आणि ती कड अजून कोरीच असते. त्यात पहाटेची थंडी, म्हणजे रबरही थंड. म्हणून घाटात पहिल्या दिवशी थोडं थोडं झुकत जावं.

ब्रेकचंही तसंच. नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसायला वेळ लागतो. तोवर ब्रेक थोडे बोथट वाटतात. मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा हळुवार ब्रेक लावले की फरक जाणवतो.

"गाडी ओढत नाही" हेही चूकच

रनिंग-इनच्या काळात इंजिनला मर्यादा असते. कावासाकीच्या अशा मोठ्या गाड्यांसाठी पहिले 800 किलोमीटर 4000 आरपीएमच्या आत आणि पुढे 1600 किलोमीटरपर्यंत 6000 च्या आत, असा सल्ला असतो. निन्जा 1000एसएक्सची 142 पीएस ताकद मिळते ती 10,000 आरपीएमला. म्हणजे पहिल्या राईडला इंजिनचा अर्धाही भाग बघायला मिळत नाही. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असतो, त्यामुळे गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडून बघावी.

हेल्मेटमध्ये वादळ

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. समोरची काच हा जोर छातीवरून हटवते, पण तिच्या वरच्या कडेवरून निघालेला वारा घुसळत येऊन हेल्मेटवर आदळला तर डोकं थरथरतं, कान बधिर होतात. काच उंच केली की प्रश्न सुटतो असं नाही. उंच माणसाला कधी कधी काच खाली केल्यावर जास्त शांत वाटतं, कारण हेल्मेटला सरळ, न घुसळलेला वारा मिळतो. प्रत्येक जागेवर पाच-दहा किलोमीटर चालवून ठरवणं हाच उपाय.

मागे कुणी बसलं की गाडी बदलते

मागे जोडीदार आणि दोन्ही बाजूंना सामान आलं की गाडीची शेपटी खाली बसते. मग वळायला आळस येतो आणि हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात जातो. त्यासाठी मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड वाढवावा लागतो. अशा बऱ्याच गाड्यांना त्यासाठी हाताने फिरवायची नॉब असते. अनेक मालक ती वर्षभर फिरवत नाहीत आणि "डबलसीट मजा नाही" म्हणतात.

शहरात पायाला लागणारी गरम हवा मात्र खरी. चार सिलेंडरचं इंजिन ट्रॅफिकमध्ये तापतं, पंखा सुरू होतो. याला सवय हाच इलाज.

आणि तो दुसरा मेसेज

"वेग कळलाच नाही" हे कौतुक नाही, इशारा आहे. वारा लागत नाही, इंजिन शांत असतं, गाडी हलत नाही. शरीराला वेग सांगणाऱ्या सगळ्या खुणा गायब होतात.

केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार चौपदरी हायवेवर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी 80 किलोमीटर आहे. ही गाडी पहिल्या दोन गिअरमध्येच ती ओलांडते. 80 वरून 120 म्हणजे वेग दीडपट, पण ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर सव्वादोन पट. वर 120 ला एका सेकंदात गाडी 33 मीटर पुढे जाते, म्हणजे ब्रेककडे बोट जाईपर्यंतच. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल मदत करतात, पण कोऱ्या टायरला नसलेली पकड ते आणून देऊ शकत नाहीत.

मग पहिली राईड कशी काढायची?

आधी रिकाम्या मैदानात अर्धा तास यू-टर्न आणि ब्रेकचा सराव. पहिले 160 किलोमीटर एकट्याने, कोरड्या रस्त्यावर, उजेडात. दर तासाला थांबून काच आणि आरसे जुळवणं. मागे कुणाला बसवायचं ते टायर आणि ब्रेक सरावल्यावरच.

गाडी आवडली की नाही, हे पहिली सर्व्हिस झाल्यावर, साधारण 1000 किलोमीटरनंतर ठरवावं. तेव्हाही जड वाटली, तर मात्र तक्रार खरी समजायची.