‘फोटो’ काढण्याआधी

घाटंजीकडच्या बायाबापड्या एक्स-रे म्हणत नाहीत, ‘फोटो’ म्हणतात. ‘डाक्टरनं छातीचा फोटो काढाले सांगतला’ असं म्हणत मोटारस्टँडवर यवतमाळच्या गाडीची वाट बघणारी एखादी तरी बाई रोज दिसतेच. कोणाचा खोकला महिनाभर हटत नाही, कोणी कापूस वेचताना पाय मुरगळून पडलेली असते, कोणाच्या पोरानं रुपयाचं नाणं गिळलेलं असतं. फोटो निघतो, ती काळी फिल्म पिशवीत पडते आणि घरी येऊन खिळ्याला लटकते. हे यंत्र अणुऊर्जेच्या कायद्याखाली येतं, असं या बाईला सांगितलं तर ती हसेल. तुम्हीही हसाल कदाचित.

अणुऊर्जा म्हटलं की आपल्याला आठवतं १९६९ पासून वीज देणारं तारापूर. पण तारापूरवर सुरक्षिततेची नजर ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळच तालुक्याच्या गावातल्या एक्स-रे यंत्रावरही नजर ठेवतं. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी हे मंडळ स्थापन झालं, त्याचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. एक्स-रे, सीटी स्कॅन, दातांच्या डॉक्टरांकडचं छोटं यंत्र, कॅन्सरचा शेक देणारं मोठं यंत्र, या सगळ्यांना परवानगी याच मंडळाची लागते.

आता मुंबई कुठे आणि घाटंजी कुठे! मंडळाची प्रादेशिक केंद्रं आहेत. पण ती दक्षिणेला चेन्नईत, पूर्वेला कोलकात्यात आणि उत्तरेला दिल्लीत. आपल्याला मुंबईचं मुख्यालयच, म्हणजे सातशेएक किलोमीटरचा पल्ला. गंमत बघा. त्याच दवाखान्यात शेजारच्या खोलीत सोनोग्राफीचं यंत्र असेल, तर त्याच्यावर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचा पहारा असतो. त्या कायद्याखाली जिल्ह्याला, तालुक्यालाही अधिकारी नेमलेले असतात. ते येतात, फॉर्म तपासतात, प्रसंगी यंत्राला सील ठोकतात. खरं तर सोनोग्राफीत किरणोत्सर्ग मुळीच नसतो, तिथे आवाजाच्या लहरी असतात. जिथे खरोखर किरणं आहेत, त्या खोलीचा तपासनीस मात्र रेल्वेनं एक रात्र प्रवास करण्याइतका लांब. सोनोग्राफीचा पहारा कमी करा, असं मी म्हणत नाही. तो हवाच. पण शेजारच्या खोलीकडे कोण बघतं, हेही विचारायला नको का?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही गेला होता. प्रत्येक राज्यानं किरणोत्सर्ग सुरक्षेचं स्वतःचं संचालनालय काढावं आणि एक्स-रे यंत्रांची तपासणी तिथून व्हावी, असा निर्देश २००१ मध्ये दिला गेला. २०१२ मध्ये ‘कॅग’नं मंडळाच्या कारभाराची तपासणी केली, तेव्हा अशी संचालनालयं केरळ आणि मिझोराम या दोनच राज्यांत सुरू झालेली आढळली. अकरा वर्षांत दोन राज्यं! त्याच अहवालातला दुसरा आकडा तर झोप उडवणारा होता. देशात वैद्यकीय एक्स-रेची ५७,४४३ केंद्रं, त्यांतली मंडळाकडे रीतसर नोंद असलेली फक्त ५,२७०. शंभरातली एक्क्याण्णव केंद्रं नोंदीविनाच चालू होती.

त्यानंतर मंडळानं अर्ज आणि परवान्यांचं काम संगणकावर आणलं. डॉक्टरांना मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत, यंत्र विकणाऱ्या कंपनीचीही नोंद होते. ही मोठीच सुधारणा. पण संगणकावर नकाशा दिसतो, खोली दिसत नाही. कागदावर भिंत नऊ इंची विटांची असते, दाराला आतून शिशाचा पत्रा असतो, खिडकी उंचावर असते. प्रत्यक्षात नंतर कोणीतरी दाराची दुरुस्ती करतं आणि पत्रा निघून जातो, किंवा बाकडी कमी पडली म्हणून पेशंट दाराला टेकून बसतात. हे बघायला माणूसच यावा लागतो.

शेक देणाऱ्या यंत्रांची गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या बायका त्यासाठी नागपूरला किंवा सेवाग्राम-सावंगीला जातात. अशी केंद्रं मोजकी, म्हणून त्यांच्याकडे लक्षही जास्त असतं. तरीही नजर चुकली की काय होतं, ते २०१० मध्ये दिल्लीत दिसलं. विद्यापीठात वर्षानुवर्षं वापराविना पडलेलं एक किरणोत्सर्गी उपकरण भंगारात विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं, त्यातला कोबाल्ट बाहेर आला, कितीतरी जण भाजले आणि एकाचा जीव गेला. एक्स-रे यंत्रात असा पदार्थ नसतो, हे मात्र नीट लक्षात ठेवा. बटण बंद झालं की किरणं संपली. ती अंगात साठत नाहीत, कपड्यांना चिकटत नाहीत, फोटो काढून आलेल्या बाईजवळ बाळ द्यायला काहीच हरकत नाही.

तरी एक प्रश्न फोटोच्या आधी विचारला गेलाच पाहिजे : दिवस गेलेत का? पाळी चुकली आहे का? एक्स-रेच्या खोलीबाहेर तशी सूचना लावलेली असायला हवी. पण ती वाचता न येणाऱ्या बाईचं काय? आणि बाहेर सासरा उभा, आत अनोळखी पुरुष तंत्रज्ञ, अशा वेळी नुकतीच लग्न होऊन आलेली पोरगी ‘पाळी चुकली’ म्हणेल का? मान खाली घालून ‘नाही’ म्हणेल. म्हणून सोबत गेलेल्या सासूनं, जावेनं, आशाताईनं हे आधीच तिच्याकडून काढून घ्यावं आणि डॉक्टरांच्या कानावर घालावं. मग डॉक्टर ठरवतील, फोटो आत्ताच हवा की थांबता येईल, की सोनोग्राफीवर भागेल.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. छातीचा फोटो निघाला आणि चार दिवसांनी कळलं की दिवस गेलेत. मग घरात रडारड होते. ‘आता बाळ अधू होईल, मोकळं करून टाक’ असा सल्ला द्यायला शेजारणी टपलेल्याच असतात. तर ऐका. छातीच्या एका फोटोत गर्भापर्यंत पोचणारी मात्रा एका मिलिग्रेच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. आणि शंभर मिलिग्रेच्या आत गर्भपात करण्याचं कारण नाही, असं किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं २००० सालीच स्पष्ट केलं आहे. पोटाचा सीटी स्कॅन झाला असेल, तर मात्रा बरीच जास्त असते. तेव्हा डॉक्टरांकडून हिशेब करून घ्यावा. पण भीतीपोटी निर्णय घेऊ नये. टीबीचा संशय असताना भीतीनं फोटोच टाळणं, हे तर आणखी वाईट.

या खोलीत आणखी एक बाई असते, तिचा विचार कोणी करत नाही : तिथे काम करणारी तंत्रज्ञ. पेशंट वर्षातून एकदा येतो, ती रोज असते. तिच्या छातीवर एक छोटा बिल्ला लावलेला असावा लागतो. त्याला टीएलडी म्हणतात. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि तिला किती किरणं लागली ते कळतं. मुंबईच्या कार्यालयाचा तालुक्यातला खरा डोळा म्हणजे हा बिल्ला. तो टेबलाच्या खणात पडून राहिला, तर त्याला खणातलीच किरणं दिसणार! तिला दिवस गेल्याचं तिनं कळवलं, की पुढे बाळंतपणापर्यंत गर्भाला एका मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा लागू द्यायची नाही, असा मंडळाचा नियम आहे. पण नोकरी जाईल म्हणून ती तीन-चार महिने बोलतच नसेल, तर नियमानं काय करावं?

लहान मुलाचा फोटो काढताना त्याला धरायला बहुतेक आईलाच उभं करतात. तेव्हा शिशाचा अ‍ॅप्रन मागून घ्या. तो जड असतो, धुळीनं माखलेला असतो, कधी कपाटावर गुंडाळून ठेवलेला असतो. तरी मागा. पोटुशी असाल तर धरायला वडिलांना पाठवा. दार नीट लागलंय का बघा, ‘परवाना आहे ना?’ असं सरळ विचारा, त्यात उद्धटपणा काही नाही. आणि यवतमाळला किंवा सावंगीला पाठवलं, तर घरातला आधीचा फोटो सोबत न्या. तो खिळ्यावरच राहिला, म्हणजे तिथे गेल्या गेल्या दुसरा काढायला सांगतात.